अडलेली मालमोटार

कऱ्हाडचें रेल्वेस्थानक आणि गुहागरचा समुद्रकिनारा यांच्यामध्यें सह्याद्रि उभा आहे. घाटावरील गूळ, ज्वारी, कांदा कुंभार्ली घाटानें चिपळुणास उतरून गुहागरास येई आणि परतीच्या खेपेस सुपारी व आंबा वर चढे. मोटार वाटेंत अडली, तर सुपारी दोन दिवस थांबेल. पिकावयास आलेला आंबा थांबत नाहीं. शहरांतील श्रोत्यास बंद पडलेली मोटार ही गैरसोय वाटते. येथें ती बागाइतदाराच्या वर्षाची कमाई असे.

जुन्या मालमोटारी पेट्रोलवर चालत. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस जोडणीचा कारखाना काढल्यावर शेव्हरोले गाड्या पुष्कळ दिसूं लागल्या. अशा एंजिनास तीन गोष्टी लागतात: हवेंत योग्य प्रमाणांत मिसळलेलें पेट्रोल, पुरेसा दाब, आणि नेमक्या क्षणीं पडणारी ठिणगी. हँडल मारूनहि एंजिन उचलत नसेल, तर मिस्त्री प्लगची तार सोडून तिचें टोंक लोखंडापासून किंचित् दूर धरी. निळी, टणक ठिणगी उडाली तर दोष बहुधा पेट्रोलकडे. पिवळट उडाली अथवा उडालीच नाहीं, तर पॉइंट, कंडेन्सर व कॉइल यांची झडती. एंजिन चालू असून मिसिंग करीत असेल, तर युक्ति निराळी. लांकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर एकेका प्लगला टेकवून त्याची ठिणगी लोखंडांत उतरवावयाची. निरोगी सिलिंडर असा बंद केला कीं एंजिनाची चाल लगेच मंदावते. ज्याला बंद केल्यानें कांहींच फरक पडत नाहीं, तोच मेलेला.

कोंकणांत पावसाळ्यांतील खोड बहुतेक ठिणगीचीच. दमट हवेनें डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणास आंतून घाम सुटतो आणि वीज ओलाव्यावरून भलतीकडे पळते. टोपण काढून कोरड्या फडक्यानें पुसलें कीं गाडी चालू! उन्हाळ्यांत घाट चढतांना मात्र पेट्रोल नळींतच उकळून त्याची वाफ वाट अडवी. तेव्हां पंपावर ओलें फडकें घालावें लागे.

दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि मोटारींवर कोळशाच्या भट्ट्या बसल्या. अर्धवट जळणाऱ्या कोळशाचा वायु एंजिनांत जाळावयाचा; शक्ति तिसऱ्या हिश्शानें, क्वचित् त्याहूनहि अधिक घटे. कोळसा दमट, गाळणी तुंबलेली, अथवा सांध्यांतून हवा शिरलेली, यांपैकीं एक कारण असेच. गळती शोधणें मात्र जोखमीचें होतें. पेट्रोल नाकाला कळतें. त्या वायूंतील कार्बन मोनॉक्साइड विषारी असून त्याला वासच नाहीं.

१९५४ सालीं टेल्कोनें जर्मनीच्या डायम्लर-बेंझच्या साहाय्यानें जमशेटपुरास डिझेल मालमोटारी काढल्या, आणि कोरड्या फडक्याचें राज्य संपत आलें. डिझेल एंजिनांत ठिणगीच नसते. दाबानें तापलेल्या हवेंत तेल आपोआप पेटतें. येथील नेहमींचा शत्रु म्हणजे नळींत शिरलेली हवा. गाळणीवरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारून ‘एअर काढावी’ लागते. मिसिंगसाठीं जुनीच युक्ति पान्यानें करतात: एकेका नोझलच्या नळीचा नट सैल करावयाचा, आणि ज्यानें चाल बदलत नाहीं तो सिलिंडर उघडावयाचा. शेवटीं धूर पाहतात. काळा असेल तर हवा कमी वा डिझेल अधिक. निळा असेल तर वंगण जळतें. आणि हँडल मारतांना पांढरा येत असेल, तर डिझेल आंत पोंचतें आहे, पण पेट घेत नाहीं.