दूरचे गाणे घरी

घरबसल्या दूरचे गाणे ऐकावे, नाटक अनुभवावे, ही माणसाची हौस बिनतारी विद्येहून जुनी आहे. आज घरातला मुलगा मोबाईलवर बोट फिरवतो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाचा स्पीकर गाऊ लागतो, नाहीतर भिंतीवरच्या टीव्हीवर सिनेमा सुरू होतो. आजीला नवल वाटते, की तार तर कुठेच दिसत नाही! तार दिसत नाही हे खरे. पण ती नाहीशी झाली आहे असे मात्र नाही. ती कुठे गेली आणि तिचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे, हे पाहायचे तर इतिहासात थोडे मागे जावे लागते. किती मागे? चांगले एकशेचाळीस वर्षांहून अधिक.

१८८१ साली पॅरिसमध्ये विजेचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. टेलिफोन निघून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. क्लेमाँ आदेर नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने तिथल्या ऑपेरागृहात रंगमंचाच्या पुढच्या कडेला ओळीने मायक्रोफोन बसवले आणि त्यांच्या तारा शहराच्या भुयारी गटारांतून प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत नेल्या. ऐकणाराने दोन कानांना दोन रिसीव्हर लावायचे. एका कानात रंगमंचाच्या एका जागेवरच्या मायक्रोफोनचा आवाज, दुसऱ्या कानात दुसऱ्या जागेवरच्या मायक्रोफोनचा. त्यामुळे गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे चालला, तर ते चालणे डोळ्यांना न दिसताही कानांना कळे! आज ज्याला आपण स्टिरिओ म्हणतो त्याची पहिली चव लोकांनी इथे घेतली. ऐकण्यासाठी अर्थातच रांगा लागल्या.

जिथे रांग लागते तिथे व्यापारी पोहोचतोच. १८९० साली या युक्तीची 'थिएट्रोफोन' नावाची कंपनी निघाली. हॉटेलांतून आणि कॅफेंतून तिच्या पेट्या लागल्या. पन्नास सांतीमचे नाणे टाकावे आणि पाच मिनिटे ऑपेरा ऐकावा. ज्यांची ऐपत होती त्यांना वर्गणी भरून घरीच जोडणी मिळे. मार्सेल प्रूस्त हा थोर कादंबरीकार दम्याने जर्जर होता, घराबाहेर पडणे त्याला जड जाई. १९११ साली त्याने ही जोडणी घेतली आणि देब्यूसीचा ऑपेरा आपल्या खोलीत बसून ऐकला. आजारी माणसाला याहून मोठे सुख कोणते?

तिकडे हंगेरीत बुडापेस्ट शहरी तिवादर पुश्काश याने १८९३ साली 'टेलेफोन हिर्मोंदो' सुरू केला. याला बोलते वर्तमानपत्र म्हणता येईल. ठरलेल्या वेळी बातम्या, ठरलेल्या वेळी बाजारभाव, रात्री ऑपेरा. म्हणजे पुढे नभोवाणीने जे वेळापत्रक केले त्याचा आराखडा इथे तारेवरच तयार झाला होता. पुश्काश बिचारा काही आठवड्यांतच वारला, परंतु त्याची संस्था दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकली.

या सगळ्या खटाटोपात एक अडचण होती. आवाज मोठा करणारे यंत्र, ज्याला आपण ॲम्प्लिफायर म्हणतो, ते अजून निघालेच नव्हते. तारेच्या दुसऱ्या टोकाला जो क्षीण आवाज पोहोचेल तो कानाला रिसीव्हर लावून ऐकायचा. अमेरिकेतल्या थॅडियस केहिल याने या अडचणीवर जो उपाय शोधला तो ऐकून हसू येईल. त्याने संगीत निर्माण करणारी जनित्रेच बांधली! एकेका स्वराला एकेक फिरता डायनॅमो. १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये उभ्या राहिलेल्या त्याच्या 'टेलहार्मोनियम'चे वजन होते सुमारे २०० टन. वादक पट्ट्यांवर बोटे टाकी आणि संगीत टेलिफोनच्या तारांवरून हॉटेलांत जाई. पण हा प्रवाह इतका जोरकस, की शेजारच्या तारांवर बोलणाऱ्यांच्या संभाषणात मधेच सूर घुमू लागले. कोणी घरच्या दुखण्याखुपण्याचे बोलतो आहे आणि पाठीमागे वाद्य वाजते आहे! १९०८ साली तिथला कारभार आटोपला. केहिलची कल्पना खुळी नव्हती. तिला लागणारे साधन मात्र जन्माला यायचे होते.

ते साधन म्हणजे निर्वात नळी, आपला व्हॉल्व्ह. त्याने क्षीण आवाज मोठा केला आणि बिनतारी लहरींवर आवाज चढवण्याची सोयही केली. १५ जून १९२० रोजी इंग्लंडमधल्या चेम्सफर्ड येथील मार्कोनी कंपनीच्या कारखान्यातून नेली मेल्बा ही जगप्रसिद्ध गायिका गायली आणि अनेक देशांत ते गाणे ऐकू गेले. तारेवरच्या जुन्या कंपन्या यानंतर एकेक करून मावळल्या. थिएट्रोफोनही १९३२ साली संपला.

आता इथे जो फरक पडला तो केवळ यंत्राचा नव्हता. तारेवर ज्याने पैसे भरले नाहीत त्याची जोडणी तोडता येते. हवेतल्या लहरीला कोण तोडणार? ती बंगल्यावरही पडते आणि झोपडीवरही पडते. म्हणून मग सरकारांनी घेणाऱ्या यंत्रावर परवाना बसवला. आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा परवान्याचे वर्षाला दहा रुपये पडत. यंत्रे महाग, परवानेधारक थोडे. कंपनीचे १९३० साली दिवाळे वाजले आणि कारभार सरकारने घेतला. पुढे हळूहळू रेडिओ गावोगाव गेला, आणि कालांतराने परवान्याची पद्धतही गेली.

या सार्वजनिक लहरीने काय साधले, याचे आपल्या मराठी माणसाला दुसरे उदाहरण द्यायला नको. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गदिमांचे आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले. आठवड्याला एक नवे गीत, अशी वर्षभरात छप्पन्न गीते. पुढचे गीत ऐकायला सर्वांना सारखेच थांबावे लागे. श्रीमंताला ते आधी मिळत नसे. अख्खा प्रांत एकाच वेळी एकच गोष्ट ऐकत होता.

पण चित्राला दुसरी बाजूही आहे. काय ऐकवायचे हे ठरवणारा एकच असला, की त्याची आवड ती सर्वांची आवड ठरते. १९५२ नंतर नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवर चित्रपटगीतांची वाट अडली. श्रोत्यांनी काय केले? रेडिओची कळ फिरवली आणि कोलंबोचे रेडिओ सिलोन लावले! लहरीला सरहद्द नसते. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली. ही कळ फिरवण्याची सत्ता लहानशी, पण ती श्रोत्याच्या हाती होती.

आता आजच्या काळाकडे येऊ. घरातल्या घरात तारेवाचून गाणे आणि सिनेमा पाठवण्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या. पहिली म्हणजे गाणे लहान करणे. सीडीवरच्या संगीतासाठी सेकंदाला सुमारे चौदा लाख अंक लागतात. जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रान्डेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा हिशेब मांडला, की ढोल वाजत असताना त्याच्या आड दडलेला बारीक नाद आपल्या कानाला तसाही ऐकू येत नाही, मग तो पाठवायचा कशाला? अशी काटछाट करून गाणे दहाव्या-अकराव्या हिश्श्यात मावू लागले. हेच ते एमपी-३. चित्रांच्या बाबतीतही याच जातीची काटकसर झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे मोकळी लहर. १९८५ साली अमेरिकेने काही लहरींचे पट्टे विनापरवाना वापरायला खुले केले. त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह भट्टीचा. तिच्या गोंगाटामुळे तो कोणाला फारसा नकोच होता. या टाकाऊ पट्ट्यातच पुढे वाय-फाय आणि ब्लूटूथ यांनी संसार थाटला. आपल्याकडे या पट्ट्यावरची परवान्याची अट २००५ साली उठली. दहा रुपयांचा परवाना काढून रेडिओ ऐकणाऱ्या देशाच्या दृष्टीने ही लहान घटना नव्हे.

तिसरी गोष्ट प्रतिध्वनीची. घुमटाखाली कोणी भराभर बोलू लागला तर शब्दावर शब्द चढतो आणि काहीच कळत नाही. खोलीत लहरींचे तेच होते. भिंती, कपाटे, माणसे यांवर आपटून एकाच लहरीच्या अनेक प्रती मागेपुढे पोहोचतात. ऑस्ट्रेलियात जॉन ओ'सलिव्हन हे खगोलशास्त्रज्ञ पूर्वी फुटणाऱ्या कृष्णविवरांचे क्षीण रेडिओसंकेत शोधत होते. ते सापडले नाहीत, पण त्या शोधात हाती आलेले गणित १९९०च्या सुमारास इथे उपयोगी पडले. युक्ती अशी, की एकाने भराभर बोलण्याऐवजी पुष्कळांनी वेगवेगळ्या पट्टीत सावकाश बोलावे. मग एक अक्षर संपून दुसरे येईपर्यंत पहिल्याचा घुमारा विरतो. १९९७ साली वाय-फायचे पहिले प्रमाण ठरले. दोन वर्षांनी ही युक्तीही त्यात आली.

यापुढची पावले झपाट्याने पडली. २००४ साली ॲपलने संगणकातले गाणे दिवाणखान्यातल्या स्पीकरवर पाठवणारी छोटी पेटी काढली. २००७ साली नेटफ्लिक्सने सिनेमे थेट घरी सोडायला आरंभ केला. ही कंपनी तोवर टपालाने डीव्हीडी पाठवत असे. २००८ साली स्वीडनची स्पॉटिफाय आली. २०१३ साली गूगलचे क्रोमकास्ट निघाले. यात गंमत अशी, की मोबाईल स्वतः सिनेमा पाठवीत नाही; तो टीव्हीला जोडलेल्या कांडीला फक्त पत्ता सांगतो आणि कांडी तो सिनेमा परस्पर आणते.

कुठून आणते? इथेच आपली हरवलेली तार सापडते. घरातली शेवटची दहा-वीस पावलेच काय ती बिनतारी. त्याच्या पलीकडे काचेच्या केसासारख्या तंतूंचे जाळे आहे, ते गल्लीखालून जाते, कंपन्यांच्या कोठारांपर्यंत पोहोचते, आणि मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्रात उतरते. आणि तार आली तशी वर्गणीही परत आली! प्रूस्तने भरली तशीच आपणही महिन्याच्या महिन्याला भरतो, आणि ती थांबली की घर मुके होते. कंपनीचा एखाद्या चित्रपटाचा करार संपला, तर वर्गणी भरूनही तो चित्रपट एका सकाळी यादीतून गेलेला असतो. शिवाय रेडिओ केंद्राला कोण ऐकतो आहे हे कळत नसे. आजच्या तारेला मात्र आपण काय ऐकले, कुठे थांबवले, कितीदा ऐकले, हे सारे कळते आणि त्यावरूनच उद्या आपल्यापुढे काय ठेवायचे ते ठरते.

याचा अर्थ नवे साधन वाईट असा नाही. खेड्यातल्या मुलीला आज जे संगीत हाताशी आहे ते पूर्वी संस्थानिकालाही मिळत नव्हते. आकाशवाणीही आता मोबाईलवर ऐकता येते. पण मिळणे आणि असणे यांत अंतर आहे. १९९० साली मुंबईत जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्या हौशी मंडळींनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था काढली. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या अशाच हौशी लोकांच्या कपाटांत जपल्या गेल्या. कारण ती तबकडी एकदा घेतली की घराची झाली. ती वाजवायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

आपले जुने गाणे, जुने नाटक, जुना बोलपट यांची राखण कोणी करायची, हा प्रश्न म्हणून केवळ यंत्रज्ञांचा नाही. ज्याला मागणी थोडी, त्याला दूरच्या कोठारात जागा राहीलच अशी हमी कोणी दिलेली नाही. ग्रंथालयांनी, विद्यापीठांनी, आकाशवाणीने आपापली कोठारे नीट ठेवावीत. आणि आपणही, जे गाणे नातवंडांनी ऐकावे असे वाटते, त्याची एक प्रत घरी स्वतःची म्हणून ठेवावी. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिताना तहान भागते खरी, पण ओंजळ मागे घेणे त्याच्याच हातात असते.