दात्यांचा हिशेब आणि स्पर्धकाचा मान

१/ जालना जिल्हा बहुतांशी पठाराचा. उत्तरेस मात्र अजिंठ्याच्या रांगा. सपाटीवर पुरणारा सायकलचा मागचा डिरेलर चढावरही पुरेल का? या साध्या प्रश्नामागे मानापमानाचा जुना वाद आहे.

२/ डिरेलर चेनला एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवतो. 'टूर द फ्रान्स'चे संस्थापक आँरी देग्रांज यांना गिअर म्हणजे दुर्बलांची कुबडी वाटे. म्हणून घाटाच्या पायथ्याशी स्पर्धक खाली उतरत, मागचे चाक उलटे बसवत आणि त्याच्या दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर चढ चढत.

३/ १९३६ मध्ये आजारी देग्रांज बाजूला झाले. १९३७ मध्ये डिरेलरवरील बंदी उठली आणि त्याच वर्षी रोजे लापेबी डिरेलर वापरून विजयी झाले.

४/ १९६४ मध्ये जपानच्या सनटूरने डिरेलरचा समांतरभुज सांगाडा तिरका केला. त्यामुळे तो लहान-मोठ्या प्रत्येक चक्राजवळ राहू लागला.

५/ आज निवड बेरजेने ठरते. पुढील चक्रे ५०-३४ (फरक १६), मागील ११-३२ (फरक २१): एकूण ३७. डिरेलरची क्षमता किमान ३७ दात्यांची हवी, ३२ दात्यांचे चक्रही त्याला पेलायला हवे. आखूड केजच्या अनेक डिरेलरना हे साधत नाही; लांब केज सैल चेन ताणून धरते.

६/ मुंबई-पुणे शर्यतीच्या वाटेवरही बोरघाट आहेच. देग्रांज यांचा नियम केव्हाच गेला. शर्यतीचा दिमाख म्हणून आखूड केज घेणारे मात्र तो आजही पाळतात.