न ऐकता घेतलेली पेटी

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे तिथे रोज दोन-दोन तास ट्रॅफिकमध्ये काढणाऱ्या कित्येकांना माहीत नसतं. मुळशी म्हटलं की धरण, पावसाळी सहल, भाजलेली कणसं... आणि थोडंफार वाचन असेल तर १९२१ चा सत्याग्रह आणि सेनापती बापट. मला माहीत आहे कारण आमचं घर पौडला. मी शहराकडे तोंड करून मुळशीत नोकरी करतो आणि आई डोंगराकडे तोंड करून मुळशीत भजन करते.

तर झालं असं. आईच्या भजनी मंडळाची पेटी म्हातारी झाली. भाता फाटका, तीन पट्ट्या मुक्या. बायकांनी वर्गणी काढली, अठरा हजार जमले आणि ते माझ्या हातात दिले. का, तर मी कॉम्प्युटरवाला. ऑनलाइन स्वस्त मिळतं म्हणे.

मी शोधली. जाहिरातीत सगळं लिहिलं होतं : साडेतीन सप्तकं, दुहेरी सूर, कपलर, नऊ स्टॉप, "अस्सल जर्मन सूर". फोटो झकास. विक्रेता फोनवर गोड बोलला. "साइटवरून घेतलीत तर कमिशन जातं साहेब, थेट यूपीआय करा, दीड हजार कमी करतो." मी केलं. (हो, मी. ऑफिसात पेमेंट सिस्टिमच्या सुरक्षेवर प्रेझेंटेशन देणारा मी.) आठ दिवसांनी पेटी आली. वरून हुबेहूब फोटोतली. भाता भरून षड्ज धरला तर चार सेकंदांत संपला. नऊपैकी तीन स्टॉप नुसतेच खिळलेले दांडे, मागे काहीच नाही. विक्रेत्याचा फोन बंद. साइटवाले म्हणाले, व्यवहार आमच्याकडे झालेलाच नाही. त्यांचंही बरोबरच होतं.

आईने पेटी बघून एकच विचारलं, "कुणाच्या हातची आहे रे?" मला उत्तर देता आलं नाही. मी एवढी स्पेसिफिकेशन्स वाचली, पण हा कॉलमच नव्हता.

राग निवल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे वाचत बसलो. आणि लक्षात आलं की वाद्य न ऐकता मागवायची ही भानगड इंटरनेटने आणलेली नाहीच. ती टपालखात्याने आणली, सुमारे दीडशे वर्षांपूर्वी.

भारतात व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली 'व्हीपी', सुरू झाली १८७७ साली. दुकानदाराने पार्सल टाकायचं, पोस्टमनने पैसे घेऊन ते द्यायचं आणि पोस्टाने ते पैसे दुकानदाराला पोचवायचे. आजच्या कॅश ऑन डिलिव्हरीची ही सख्खी पणजी. मनीऑर्डर नंतरची, १८८० ची. कधीही न पाहिलेल्या माणसाकडून, कधीही न गेलेल्या शहरातून वस्तू मागवायची सोय सामान्य माणसाला पहिल्यांदा मिळाली ती या दोन-तीन वर्षांत. मोठ्या जिनसांसाठी आणखी एक युक्ती होती. माल रेल्वेने पाठवायचा आणि रेल्वेची पावती तेवढी व्हीपीने. पोस्टात पैसे भरा, पावती घ्या, स्टेशनावर दाखवा, माल उचला. पावती म्हणजे किल्ली, आणि किल्ली पोस्टाकडे! हे वाचून मला टपालखात्याबद्दल एकदम आदर वाटायला लागला. मुळशी खोऱ्यात रेल्वे कधी गेलीच नाही, त्यामुळे आमच्याकडच्यांना स्टेशनपासून पुढे बैलगाडीच.

आता याच काळात पेटी कुठे होती बघा. हार्मोनियम मुळात युरोपातली. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं याने १८४२ साली तिचं पेटंट घेतलं. ती टेबलाएवढी, पायाने भाता मारायची. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांना ती गैरसोयीची. हाताने भाता मारायची सुटसुटीत पेटी केल्याचं श्रेय साधारणपणे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना देतात; त्यांची 'द्वारकिन' कंपनी १८७५ ची. म्हणजे पेटी आणि व्हीपी जवळजवळ जुळ्या बहिणी. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचं शाकुंतल रंगमंचावर आलं आणि पुढे संगीत नाटकांच्या लाटेवर बसून पेटी आणि ऑर्गन महाराष्ट्रात घरोघरी शिरले. जुन्या मासिकांची शेवटची पानं चाळलीत तर औषधं, घड्याळं, अत्तरं यांच्या शेजारी पेटीच्या जाहिराती दिसतील. सप्तकं किती, स्टॉप किती, किंमत किती, टपालखर्च निराळा.

मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्याकडे जाहिरातीच्या चार ओळींत मावणारं हे बहुधा पहिलंच वाद्य. (हे माझं मत, जाणकारांनी दुरुस्त करावं.) तंबोरा असा मावत नाही.

मिरजेचंच उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकात तिथल्या फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. शिकलगार म्हणजे मूळचे तलवारींना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले आणि हात तंबोऱ्याकडे वळले. भोपळे यायचे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. मिरजेत गाणंही होतं : बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते, विष्णु दिगंबर त्यांच्याकडे तिथेच शिकले आणि पुढे अब्दुल करीम खाँसाहेब तर मिरजेचेच झाले. म्हणजे बनवणारा आणि वाजवणारा हाकेच्या अंतरावर. कारागीर आधी विचारणार, गाणार कोण? पट्टी कुठली? काळी चार की पांढरी दोन? त्यावर भोपळा, दांडी, तारा ठरणार. मग शेवटी जव्हारी लावायची. घोडी कानसीने घासत, तारेखालचं सूत इकडेतिकडे सरकवत, कान लावून लावून. जव्हारी फोटोत दिसत नाही. ती कानांनीच ठरते, आणि विकत घेणारा समोर नसेल तर निदान त्याचा गुरू तरी समोर असावा लागतो. जुन्या काळी बुवा शिष्यासाठी तंबोरा निवडून आणत तो याचसाठी. आजच्या भाषेत ते 'व्हेरिफाइड रिव्ह्यू'. फरक इतकाच की बुवांचं नाव पणाला लागलेलं असे.

पेटीला बुवांची गरज नाही असा समज कॅटलॉगने करून दिला. सूर आत बसवलेलेच आहेत, सप्तकं मोजता येतात, मग प्रश्न काय? प्रश्न हा की जे मोजता येतं ते पेटी नव्हेच. पेटी म्हणजे आतल्या पितळी जिभा, ज्यांना पेटीवाले 'सूर' म्हणतात, आणि त्यांना वारा पुरवणारा भाता. सुरुवातीला हे सूर पॅरिसहून आणि जर्मनीहून यायचे. ती आवक आटली तसे सौराष्ट्रातल्या पालिताण्याचे सूर आपल्या पेट्यांत बसू लागले, आणि त्यांतले चांगले खरोखर चांगले असतात. पण "जर्मन सूर" हे शब्द काही जाहिरातीतून गेले नाहीत. पेटी उघडून बघितल्याशिवाय ते खरं की खोटं ते कळत नाही, आणि मी ते झाकण फोनवरून उघडणार कसा? (१९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, तरी पेटीचा खप अडला नाही. भजनी मंडळांना आकाशवाणीशी काय कर्तव्य!)

आता व्हीपीतली गंमत. यंत्रणेत एक भलं मोठं भोक होतं : पैसे आधी, पार्सल उघडायचं नंतर. पोस्टमन आधी उघडू देत नसे. मग जे व्हायचं तेच झालं. न मागवलेली पार्सलं पाठवायची आणि घरातलं कोणीतरी गोंधळून पैसे भरेल याची वाट बघायची, किंवा मागवलेलं पाठवायचं पण भलतंच. हे किती बोकाळलं असेल याचा अंदाज १८९८ च्या टपाल कायद्यावरून येतो. त्याचं कलम ३५ मी दोनदा वाचलं. त्यात सरकारला नियम करायचा अधिकार दिला होता की पाठवणाऱ्याने, ही वस्तू खऱ्याखुऱ्या मागणीवरूनच पाठवतो आहे, असं लिहून दिल्याशिवाय व्हीपी घ्यायचीच नाही. आणि पुढे : फसवणूक असेल तर वसूल केलेले पैसे अडवून ठेवायचे आणि घेणाऱ्याला परत करायचे, याचीही तरतूद.

मंडळी, याला आपण आज एस्क्रो म्हणतो! पैसे तिसऱ्याकडे, वाद मिटेपर्यंत. आम्ही मीटिंगमध्ये पांढऱ्या फळ्यावर बाण काढून हेच समजावतो. २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने २०२४ च्या जूनमध्ये हा जुना कायदा निवृत्त केला, पण कल्पना जिवंत आहे. आणि दीड हजार वाचवायला मी साइटबाहेर पैसे दिले तेव्हा नेमकं काय केलं? मधला पोस्टमास्तर काढून टाकला. १८७७ च्याही मागे गेलो.

दुसरा कायदा १९३० चा, मालविक्रीचा. त्याचं कलम ४१ सांगतं की आधी न पाहिलेला माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत घेणाऱ्याने तो स्वीकारला असं धरायचं नाही. हल्ली दारात खोका उघडून दाखवायची सोय काही विक्रेते देतात, ती म्हणजे हे कलम चाळीसाव्या पावसाळ्यानंतर नव्हे, तर नव्वदाव्या पावसाळ्यानंतर दारात पोचलं म्हणायचं. (ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर लगेच फिरवायचा नंबरही १९३०च. निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा. ग्राहक तक्रारीचा १९१५.) २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटला विक्रेत्याचं नाव-पत्ता द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. आणि २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा लावता येतो, विक्रेता कुठल्याही राज्यात असो. पण हे सगळं व्यवहार साइटवर झाला, पावती असली, तर सोपं. माझ्याकडे होता एक यूपीआयचा स्क्रीनशॉट.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहे. पण नुसतं "मिरज" लिहिलेलं बघून भाळू नका. कारागिराचं नाव आणि मानांकनातली नोंद विचारा. म्हणजे पुन्हा आईचाच प्रश्न, कुणाच्या हातची?

मंडळाचे पैसे मी खिशातून भरले आणि दुसरी पेटी शोधायला लागलो. या वेळीही ऑनलाइनच, हट्टाने. एक जण म्हणाला, मी फौजी आहे, बदली झाली, सामान लष्कराच्या गाडीने येईल, आधी थोडे भरा. हा जुना बनाव आहे, ठेवला फोन. दुसऱ्याने पैसे "मिळण्यासाठी" क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितला. पैसे घ्यायला कधीच काही स्कॅन करावं लागत नाही, हे तरी मला येत होतं.

तिसरा एक पेटी बनवणाराच निघाला. मी व्हिडिओ कॉलवर वाजवायला सांगितलं, तर सूर दोन सेकंदांत विरून जायचा. मला वाटलं, झालं, पुन्हा भाता. मग डोक्यात प्रकाश पडला : कॉलचं सॉफ्टवेअर सलग चालणारा आवाज पंख्याची घरघर समजून दाबून टाकतं! षड्ज म्हणजे त्याच्या लेखी गोंगाट. म्हणून न कापलेलं रेकॉर्डिंग मागवलं. एकदा भाता भरून एकच सूर संपेपर्यंत धरायचा. एकही पट्टी न दाबता भाता मारायचा, आवाज येता कामा नये. खर्ज आणि नर एकत्र वाजवायचे, थरथर नको. प्रत्येक स्टॉप ओढून फरक ऐकवायचा. शेवटी झाकण उघडून आतले सूर दाखवायचे. त्याने न कुरकुरता सगळं केलं, वर सांगितलं की सूर पालिताण्याचे आहेत, जर्मन नाहीत. पैसे साइटवरून, खोका उघडतानाचा व्हिडिओ भाच्याने काढला.

ही पेटी आता पौडला आहे. मंद्र सप्तकातली एक पट्टी आमच्याकडच्या पावसात फुगून अडकते. तसं होईल हे त्याने आधीच सांगितलं होतं, आणि दिवाळीनंतर आणून द्या, घासून देतो, असंही.