एकोणिसावा नंबर

शंभर मीटर पळायला माणसाला किती वेळ लागावा? पुण्याच्या डेक्कन जिमखान्यातल्या एका बड्या सभासदाने याचं उत्तर 'एक ते दोन मिनिटं' असं दिलं होतं. हे मी पदरचं सांगत नाही, सर दोराबजी टाटांनीच पुढे एका पत्रात लिहून ठेवलंय. इथे हिशेब सेकंदाच्या अंशांचा असतो हे कळल्यावर गृहस्थ चाट पडले म्हणे. मला मात्र त्यांच्याबद्दल आपुलकी वाटते. बँकेच्या काउंटरवर 'एक मिनिट हं' म्हणून आम्ही जो काळ मोजतो, तो याच जातीचा.

तर १९१९ साली या जिमखान्याच्या शर्यती झाल्या. दोराबजी अध्यक्ष. लांब पल्ल्याला उतरली होती शेतकऱ्यांची पोरं, चक्क अनवाणी. ना बूट, ना कोणी शिकवणारा. तरीही त्यांची वेळ पाहून दोराबजींच्या मनात आलं, ही पोरं ऑलिंपिकला का जाऊ नयेत? त्यांनी खटपट केली, पदरचे पैसे घातले आणि १९२० साली चमू बेल्जममधल्या अँटवर्पला गेला.

तिथल्या मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले धावले. अंतर ४२.७५ किलोमीटर, वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, नंबर एकोणिसावा. फिनलंडचा कोलेमाइनेन १८ मिनिटं आधीच पहिला आलेला. म्हणजे तिन्ही पदकं केव्हाच वाटली गेली होती. मग हा माणूस शेवटचे मैल कशाच्या जोरावर पळाला? आम्ही कॉमर्सवाले, जमेच्या बाजूला काही दिसल्याशिवाय पेन उचलत नाही.

शिरूरच्या शाखेत होतो तोवर हा प्रश्न मला पडला नव्हता. तिथे घोडनदीच्या अंगाने सकाळी चालायचो, तेही दूध आणायच्या निमित्ताने. मग बदली झाली दौंडला. जंक्शनचं गाव, इथे माणूस पळतो तो पुण्याच्या गाडीसाठी. माझी रक्तातली साखर बघून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलाही पळायला लावलं. बायकोने पहाटे पाचचा गजर लावला.

रस्त्यावर बघतो तो पोरंच पोरं! राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत पाच किलोमीटर पळावं लागतं, त्याची तयारी. त्यातही काही अनवाणीच. बूट भरतीच्या दिवसासाठी जपून ठेवलेले. घरी दोन एकर कोरडवाहू, पाठीवर बहीण लग्नाची. असलं पळणं माझ्या हिशेबात बसत होतं.

बसत नव्हता तो एकच. तीन भरत्यांत थोडक्यात हुकलेला, आता वयाची अट उलटलेला. सध्या रसवंतीवर बसतो. तरी पहाटे पाचला हजर!

परवा धापा टाकत विचारलं, "आता रे कशाला पळतोस?"

"झोपच लागत नाही काका. पायच उठवतात." मग मलाच म्हणाला, "आन् तुम्ही?"

"डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हणालो.

त्या डॉक्टरांची बदली होऊन तीन वर्षं झाली, हे त्यालाही ठाऊक होतं.