स्वयंपाकघरातला हेडफोन

माइकपुढे बसलं की आम्ही डोक्यावर हेडफोन चढवतो. हलका असतो, घातलाय हे विसरायलाही होतं. पण १८८० च्या सुमारास टेलिफोन ऑपरेटरसाठी खांद्यावर ठेवायचं जे यंत्र आलं, त्याचं वजन साडेचार किलोच्या वर होतं! आणि या कामात बायाच जास्त होत्या.

दोन्ही कानांना नीट ऐकवणारा हेडफोन घडवला अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या नॅथॅनिएल बाल्डविन यांनी. चर्चच्या मोठ्या सभेत बोलणं कानी पडेना, म्हणून ते खटपटीला लागले. तेव्हाच्या रिसीव्हरमध्ये लोहचुंबक लोखंडी चकतीला एकाच बाजूने ओढून धरायचा, त्यात बारीक आवाज दबायचा. बाल्डविननी हलणारी पट्टी चुंबकाच्या मधोमध तोलून बसवली आणि तिला अभ्रकाचा पातळ पडदा जोडला. मग क्षीण आवाजही स्पष्ट येऊ लागला.

१९१० साली अमेरिकी नौदलाला नमुना पसंत पडला. मागणी आली आणि तिथेच गाडं अडलं, कारण माल बनायचा स्वयंपाकघरात, एका वेळी दहाच! (त्या घरात जेवण कुठे शिजत असेल, हा प्रश्न आपल्यालाच पडणार.) आम्हा बचत गटवाल्यांना ही अडचण चांगली ठाऊक आहे, पापडाची मोठी ऑर्डर आली की आनंदाआधी पोटात गोळा येतो. पुढे त्यांनी कारखाना काढला, रेडिओच्या दिवसांत माल भरपूर खपला. पण पैसा भलतीकडे गुंतत गेला आणि १९२४ मध्ये कारखाना डबघाईला आला.