जुने राखण्याच्या तीन रीती

प्राचीन वस्तू राखणे म्हणजे नेमके काय राखणे, हा प्रश्न सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसास सहसा पडत नाही. कार्ले, भाजे, वेरूळ, अजिंठा ही आमची प्राचीनता पाषाणात कोरलेली. ती आपल्या बळावर उभी राहील अशी आमची एक निश्चिंत समजूत असते. जपानातील नारा, ओसाका व इसे या मुलखातील जुनी स्थळे पाहावयास आम्ही निघालो, तेव्हा हीच समजूत बरोबर घेतली होती. तेथे ती टिकली नाही. भूकंप, वादळ व आग ही तिन्ही संकटे ज्या देशाच्या पाठीस लागलेली, आणि ज्याची देवालये बहुतेक लाकडाची, त्या देशाने तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचे वैभव कसे राखले, हे पाहता पाहता राखण्याच्या एक नव्हे तर तीन रीती आमच्या ध्यानात आल्या. त्यांचेच निवेदन येथे करावयाचे आहे.

पहिली रीत न शिवण्याची. ओसाकाजवळ साकाई शहरात दाइसेन नावाची एक प्रचंड समाधि-टेकडी आहे. अशा टेकड्यांस जपानी भाषेत ‘कोफुन’ म्हणतात. तिसऱ्या शतकापासून सातव्या शतकापर्यंत राजे व सरदार यांच्यासाठी त्या रचल्या गेल्या, आणि लहानमोठ्या मिळून त्यांची संख्या सुमारे १,६०,००० भरते. दाइसेन त्यांत सर्वांत मोठी. ती पाचव्या शतकातील असून तिची लांबी ५०० मीटरांच्या आसपास आहे व तिच्याभोवती तीन खंदक आहेत. परंपरा तिला सम्राट निन्तोकु याची समाधी मानते. आकाशातून तिचा आकार कुलपाच्या भोकासारखा दिसतो. परंतु काठावर उभे असलेल्या आम्हांस काय दिसले? पाणी, पाण्यापलीकडे दाट झाडी, आणि अलीकडे ‘तोरी’ नावाची साधी कमान. पुढे जाण्याची मुभा नाही.

ही टेकडी सम्राटाच्या घराण्याचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या ताब्यात आहे, आणि त्या खात्याच्या दृष्टीने ती पूर्वजांची समाधी होय, उत्खननाची जागा नव्हे. इ. स. १८७२ मध्ये तिच्या पुढील भागात एक दगडी कोठी उघडी पडली होती. तिची चित्रे काढून ती पुन्हा मिटविण्यात आली. २०१८ साली आतील बांधावर थोडे खोदकाम झाले, तेव्हा ‘हानिवा’ म्हणजे भाजलेल्या मातीच्या नळकांड्यांची रांग सापडली. या हानिवांविषयी ‘निहोन शोकी’ या इ. स. ७२० च्या इतिहासग्रंथात एक कथा आहे: पूर्वी राजाबरोबर त्याचे सेवक जिवंत पुरीत, ती क्रूर चाल मोडावी म्हणून एका दरबाऱ्याने मातीच्या मूर्ती पुरण्याची युक्ती सुचविली. कथा हृद्य आहे. पण संशोधकांनी दाखवून दिले आहे की आधी आली ती साधी नळकांडी, आणि मनुष्याकृती फार मागाहून. मातीत हात घातला म्हणूनच हे कळले. दाइसेन खरोखर निन्तोकुची काय, ही पंडितांची शंका मात्र ती टेकडी मिटलेली आहे तोवर फिटणे कठीण.

मग ती उघडावी काय? याचे उत्तर आम्हांस नाराच्या दक्षिणेस आसुका गावी मिळाले. तेथे ताकामात्सुझुका नावाची जेमतेम २३ मीटर व्यासाची टेकडी आहे. १९७२ च्या मार्च महिन्यात तिच्या पोटातील लहानशी दगडी कोठी उघडली, तो आतील चुन्याच्या गिलाव्यावर रंगीत वस्त्रे ल्यालेल्या स्त्रियांची व पुरुषांची चित्रे दिसली. ही सातव्या शतकाच्या अखेरची अथवा आठव्याच्या आरंभीची. साऱ्या देशास आनंद झाला. कोठी बंद करून आतील हवा व ओल सांभाळण्याची व्यवस्था केली. तरीही आत बुरशी शिरली व चित्रे काळवंडली. शेवटी २००७ साली कोठीचे दगड एकामागून एक उतरवून बाहेर न्यावे लागले, आणि दुरुस्तीचे काम पुढे कित्येक वर्षे चालले. बाराशे वर्षे अंधाराने जे राखले, ते तीस-पस्तीस वर्षांच्या उजेडाने विटविले. दाइसेनच्या काठावर आमच्या मनात आलेली कुरकुर येथे पुष्कळशी शमली.

दुसरी रीत सांधण्याची. नाराजवळील होर्युजी हे बौद्ध मंदिर राजपुत्र शोतोकु याने ६०७ साली स्थापिले. ते ६७० साली जळाले असे ‘निहोन शोकी’ सांगते. हल्लीची इमारत मूळची की आगीनंतरची, यावर विद्वानांत मोठा वाद माजला होता. १९३९ साली जवळच जुन्या मंदिराचा पाया खणून काढल्यावर तो बहुतांशी मिटला. आगीनंतरची म्हटली तरी ती जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत मोडते. तेथील पाच मजली पगोडा हा आपल्या स्तूपाचाच दूरचा वंशज. त्याच्या मधल्या खांबाचे झाड ५९४ साली तोडलेले होते, असे लाकडातील वलयांवरून ठरले आहे. हे सारे टिकले ते आपोआप नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांचे सुतार या इमारती उकलीत आले, कुजला तेवढाच भाग कापून तेथे नवे लाकूड सांधीत आले.

आणि अशाच एका दुरुस्तीत घात झाला. मुख्य मंदिराच्या भिंतींवर बारा मोठी चित्रे होती. त्यांतील बोधिसत्त्व पाहून अनेकांस अजिंठ्याच्या पद्मपाणीचे स्मरण होई. १९४० पासून चित्रकार त्यांच्या प्रती करीत होते. त्यांत आराई काम्पो हा एक होता. हा १९१६ साली रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात आला होता व अजिंठ्याच्या लेण्यांत बसून त्याने तेथील चित्रे उतरून घेतली होती. दोन्ही भिंतींशी ज्याच्या कुंचल्याची ओळख होती, असा हा कलावंत १९४५ साली निवर्तला. पुढील अनर्थ त्याला पाहावा लागला नाही. २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे मंदिरास आग लागली व बाराही चित्रे करपून गेली. वरचा मजला दुरुस्तीसाठी आधीच उतरविलेला होता, म्हणून तो वाचला. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला, आणि आजही २६ जानेवारीच्या सुमारास देशभर देवळांतून आग विझविण्याची तालीम होते. करपलेल्या भिंतीही टाकून दिल्या नाहीत. त्या जपून ठेविल्या आहेत.

तिसरी रीत नवे करण्याची, आणि ती आम्हांस सर्वांत विलक्षण वाटली. इसे येथे सूर्यदेवता आमातेरासु हिचे शिंतो देवस्थान आहे. तेथे शेजारी शेजारी दोन जागा आहेत. दर वीस वर्षांनी रिकाम्या जागेवर हुबेहूब तसेच मंदिर उभारतात, देवतेस तेथे नेतात, व जुने उतरवितात. हा विधी प्रथम ६९० साली सम्राज्ञी जितो हिच्या काळी झाला. बासष्टावा २०१३ साली झाला, पुढचा २०३३ साली ठरला आहे. दर खेपेस हिनोकी नावाच्या सुगंधी झाडाचे दहा हजारांवर ओंडके लागतात. देवतेची वस्त्रे, शस्त्रे, उपकरणीही नव्याने घडवितात. जुने लाकूड वाया जात नाही. ते इतर देवस्थानांच्या कामी येते. हा क्रम अखंड मात्र नव्हे. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीत तो शंभर वर्षांहून अधिक काळ तुटला होता, व नंतर पुन्हा जोडला गेला.

कुंपणाबाहेरून गवताने शाकारलेले छप्पर पाहत असता आम्हांस प्रथम वाटले, की यात प्राचीन ते काय? पण वीस वर्षांच्या अवधीचा हिशेब केला तेव्हा उलगडा झाला. जो तरुणपणी हाताखाली राबला, तो पुढच्या खेपेस मुख्य कारागीर होऊ शकतो, आणि त्यापुढच्या खेपेस वडीलकीने शिकवू शकतो. येथे लाकूड नवे आहे. जुनी आहे ती विद्या.

परतताना अजिंठा मनातून जाईना. तेथील डोंगर जागच्या जागी आहे. पण मेजर गिल याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या आगीत गेल्या. चित्रे टिकावीत म्हणून चढविलेल्या रोगणाने मूळ रंग पिवळटले. आणि ते रंग ज्यांनी कालविले त्यांची विद्या गुरूकडून शिष्याकडे येता येता केव्हाच तुटली. पाषाण आम्हांस न मागता मिळाला, म्हणून आम्ही निश्चिंत राहिलो. न शिवणे, सांधणे व नवे करणे या तिन्ही रीतींना आपापले मोल द्यावे लागते, हे जपानने ठेचा खाऊन जाणले आहे. कोणत्या वस्तूस कोणती रीत लावावी, हा विवेक मात्र ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. आणि तो वेळीच करावा लागतो.