उड्डाणाभासातील चित्र आणि गती

विमानोड्डाणाचा आभास संगणकावर निर्माण करताना चित्राची समृद्धी राखावी की गतीची सलगता, हा प्रश्न आरंभापासूनच उपस्थित झालेला दिसतो. ब्रूस आर्टविक यांनी इलिनॉय विद्यापीठात १९७५ साली उड्डाणदृश्याच्या संगणकीय चित्रणावर प्रबंध लिहिला. पुढे ॲपल २ या यंत्रासाठी त्यांनी जो सिम्युलेटर रचला, त्यातील भूमी म्हणजे केवळ रेषांचे जाळे होते. ही काटकसर यंत्राच्या दुर्बलतेने लादलेली होती.

यंत्रे बळावल्यावर निवड वापरणाऱ्याच्या हाती आली. मायक्रोसॉफ्टचा २००६ चा ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ या दृष्टीने बोधप्रद आहे. प्रोसेसरच्या एकेका गाभ्याचा वेग वाढतच जाईल, या अपेक्षेवर त्याची रचना बेतलेली होती; प्रत्यक्षात वाढली ती गाभ्यांची संख्या. २००७ च्या सुधारणेने बहुगाभी यंत्रांचा अधिक उपयोग करून घेतला; तथापि मेघ, वृक्ष व रहदारी यांचे प्रमाण उतरविल्यावाचून अनेकांचे दृश्य अडखळतच राहिले.

सेकंदास ३० चित्रे हवी असल्यास प्रत्येक चित्रास सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. ६० हवी असल्यास १७ हूनही कमी. रहदारीचा भार मुख्यतः प्रोसेसरवर पडतो, तर चित्रबिंदूंच्या संख्येचा ग्राफिक्स कार्डावर. म्हणून अडथळा कोठे आहे हे ओळखूनच कपात करणे युक्त होय.

धावपट्टीवर उतरताना चित्र विलंबाने आले, तर हाताची दुरुस्तीही विलंबाने होते. २०२० च्या आवृत्तीत उपग्रहचित्रांवर आधारलेली पृथ्वी अवतरली. तरीही वैमानिकाच्या हातास प्रथम हवे असते ते वेळेवर येणारे क्षितिज.